अंधार पडला की क्रूझ सोडतं

“गाडी उलटी लावा, ताई. पाठ भिंतीकडं.”

मिस्त्री हाताने खुणावत मागे सरकतात आणि मी रिव्हर्स टाकून गाडी हळूहळू आत घेते. छत्रपती संभाजीनगरात हर्सूल टी पॉइंट ओलांडला की जळगाव रोडच्या कडेला हे पत्र्याचं शेड लागतं. दारात दोन रिक्षा, बॅटरी काढलेला एक छोटा टेम्पो, आणि आत शेवटाला चुना मारलेली भिंत. भिंतीपासून हातभर अंतर उरतं तेव्हा ते डिकीवर थाप मारून मला थांबवतात. ऑगस्टची दुपार आहे, पण आभाळ इतकं भरून आलंय की शेडमध्ये अंधारलंय. मिस्त्रींना तेच हवं आहे. पोऱ्याला सांगून ते वरची ट्यूबही बंद करायला लावतात.

“इंजिन बंद. चावी ऑन. दिवे सगळे बंद. आता ब्रेक दाबा.”

मी ब्रेक दाबते आणि आरशात पाहते. भिंतीवर वरच्या अंगाला लाल उजेडाची एक आडवी पट्टी उमटते. ती मागच्या काचेच्या आत बसवलेल्या तिसऱ्या ब्रेक लाइटची. डावीकडे आणि उजवीकडे जिथे दोन ठसठशीत लाल गोल पडायला हवेत, तिथे भिंत जवळजवळ पांढरीच आहे.

“मधला लागला. बाजूचे दोन्ही नाहीत,” मिस्त्री मागून ओरडतात. “पाय तसाच ठेवा.” मग गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी येतात, आत वाकतात आणि डॅशबोर्डकडे बोट करतात. “आणि हे बघा.”

एसीच्या बटणांमागचा नारिंगी उजेड रात्री दिवे लावल्यावरच दिसतो. तो आत्ता मंद पेटलेला आहे. दिव्यांचा खटका तर बंद आहे. मी ब्रेकवरचा पाय उचलते, उजेड जातो. दाबते, परत येतो. हेडलाइटच्या कोपऱ्यातले पार्किंगचे छोटे बल्बही तसेच मिणमिणतायत. समोरच्या टेम्पोच्या काचेत मला ते दिसतायत. ब्रेकचा करंट मागचे दिवे पेटवायचे सोडून गाडीभर हिंडून पुढे उजेड पाडतोय.

मिस्त्री मान हलवतात. त्यांना काहीतरी सापडलंय, पण ते लगेच बोलत नाहीत.

खरं तर माझी तक्रार क्रूझ कंट्रोलची आहे. माहेर नागपूरला आणि घर इथे, त्यामुळे समृद्धी महामार्ग आमचा नेहमीचा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला आमणेपर्यंतचा अख्खा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. कारला ताशी १२० ची मर्यादा, मध्ये गाव नाही, सिग्नल नाही. अशा रस्त्यावर एक वेग ठरवायचा, सेटचं बटण दाबायचं आणि पोटरीला विश्रांती द्यायची, ही सवय लागतेच. तर माझी गाडी दिवसा क्रूझ नीट धरते. नागपूरहून दुपारी निघाले की सिंदखेडराजापर्यंत काही तक्रार नाही. पुढे जालन्याच्या आसपास संध्याकाळ होते आणि क्रूझ सोडतं. डॅशबोर्डवरचं चिन्ह दिसत राहतं, पण सेट कितीही दाबलं तरी वेग धरला जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर सगळं ठीक.

आधी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. त्यांनी स्कॅनर लावला, पी ०५०४ हा कोड निघाला. ब्रेक पेडलवरच्या स्विचच्या दोन संदेशांचा मेळ बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. त्यांनी स्विच बदलला, कोड पुसला, भर दुपारी ट्रायल घेतली, क्रूझने धरलं, बिल झालं. त्याच संध्याकाळी परत तेच.

या मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी मला विचारलं, “कधी सोडतंय? रस्ता खराब लागल्यावर, पाऊस आल्यावर, का लाइट लावल्यावर?” यातली शेवटची शक्यता आजवर कुणी काढली नव्हती. मी म्हटलं, “अंधार पडायला लागल्यावर, म्हणजे लाइट लावल्यावरच.” त्यावर त्यांनी गाडी उलटी लावायला सांगितली.

“आता लाइट लावा. ब्रेकवरचा पाय काढा. पूर्ण काढा.”

मी खटका फिरवते. दोन्ही पाय मागे घेते. भिंतीवर ती वरची लाल पट्टी दिसते आहे. ब्रेकला कुणाचाही पाय नाही आणि तिसरा ब्रेक लाइट लागलेला आहे. बाजूचे टेल लाइट लागायला हवेत, तिथे नुसता तांबूस भास.

“आता ब्रेक दाबा.”

मी दाबते आणि बाजूचा तांबूस भासही जातो. नंबर प्लेटवरचा उजेडसुद्धा विझतो. हे पाहताना मला चांगलाच हादरा बसतो. रात्रीच्या वेळी मी ब्रेक मारते आणि माझ्या गाडीच्या दोन्ही कडा अंधारात जातात! मागच्या ट्रकवाल्याला वरची एक पट्टी दिसते, आणि तीही दिवे लावल्यापासून सतत लागलेली, म्हणजे तिने त्याला नवं काहीच कळत नाही. ताशी १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. मागच्या माणसाला उमगायला दीड सेकंद लागला तरी ५० मीटर संपतात.

मिस्त्री तोवर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून शेजारच्या सीटवर बसलेत. ते कोड बघत नाहीत. कोड मला ठाऊक आहे, म्हणतात. ते चालू आकडे उघडतात आणि स्कॅनर माझ्यासमोर धरतात. ब्रेकच्या दोन ओळी आहेत. दिवे बंद, पाय वर: दोन्ही ओळी सांगतात, ब्रेक दाबलेला नाही. दिवे लावले, पाय वरच: पहिली ओळ चटकन बदलते, ब्रेक दाबला. दुसरी ओळ जागची हलत नाही, ब्रेक दाबलेला नाही.

“एक म्हणतोय दाबलाय, दुसरा म्हणतोय नाही,” मिस्त्री सांगतात. “मग कॉम्प्युटरनं काय करावं? त्यानं क्रूझ सोडलं. बरोबर केलं त्यानं.”

या ‘बरोबर केलं’ने मी चमकते. इतके दिवस मी ज्याला बिघाड म्हणत होते, तो भाग चोख काम करत होता.

आधीच्या गॅरेजने काढलेला जुना स्विच मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवलेला आहे. मिस्त्री तो मागतात. काळा, अंगठ्याएवढा, एका टोकाला पांढरी दांडी, दुसऱ्या टोकाला चार पिना. ते मल्टिमीटर बीपवर लावतात आणि दोन टोकं दोन पिनांना टेकवतात. टीईई. दांडी दाबली की गप्प, सोडली की परत टीईई. म्हणजे पेडल दाबल्यावर, जेव्हा दांडी बाहेर येते, तेव्हा ही जोडी जुळते आणि ब्रेक लाइटला करंट जातो. मग दुसऱ्या दोन पिना. इथे उलट: दांडी आत असताना वाजतं, सोडली की तुटतं. एकाच दांडीवर दोन स्विच, एकमेकांच्या विरुद्ध वागणारे. कॉम्प्युटरपुढे या दोन साक्षी होतात. दोघींचं म्हणणं जुळलं तरच तो मानतो. फाटे फुटले तर धोका आहे असं धरून चालतो आणि वेगाचा ताबा चालकाकडे परत देतो.

मिस्त्री दहा-बारा वेळा दांडी दाबून सोडून बघतात. एकदाही चुकत नाही. “हा स्विच चांगलाच होता, ताई. ठेवा डिकीत, कामाला येईल.”

मग पहिला साक्षीदार खोटं का बोलतोय?

त्यासाठी ते डावा टेल लॅम्प उघडतात. आतून दोन नट, बाहेरून एक क्लिप. बल्ब फिरवून काढतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. काचेच्या आत दोन बारीक फिलामेंट दिसतात, एक जाड, एक नाजूक. जाड २१ वॅटची, ब्रेकसाठी. नाजूक ५ वॅटची, रात्रीच्या टेल लाइटसाठी. बल्बच्या बुडाला दोन ठिपके, दोघींना करंट वेगवेगळा मिळावा म्हणून. पण करंटची परतीची वाट दोघींची एकच, बल्बच्या धातूच्या अंगातून. तिथून एक काळी वायर, आणि ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली. तिला सगळे अर्थिंग म्हणतात. अंगावरच्या दोन खुंट्या मुद्दाम खालीवर केलेल्या असतात, बल्ब उलटा बसू नये म्हणून. मिस्त्री बल्ब बॅटरीला थेट लावून दाखवतात. दोन्ही फिलामेंट झकास पेटतात.

“बल्ब चांगला, स्विच चांगला, फ्यूज चांगला. करंट येतोय. मग जात का नाही?”

ते मल्टिमीटर व्होल्टवर घेतात. एक टोक होल्डरच्या काळ्या वायरच्या पिनेला, दुसरं डिकीच्या बिजागरीवर खरवडून काढलेल्या उघड्या पत्र्याला. दोन्ही जागा अर्थिंगच्याच, त्यांच्यात फरक असायचं कारण नाही. आकडा शून्याला चिकटून असायला हवा. मला ब्रेक दाबायला सांगतात. पोऱ्या मीटर उचलून माझ्या आरशात दिसेल असा धरतो. ११.९.

हे आकडे मिस्त्रींनी तोंडानं सांगितले असते तरी मी मानले असते. पण डोळ्यांनी बघण्यात फरक आहे. अर्थिंग म्हणवणाऱ्या वायरीवर जवळजवळ अख्ख्या बॅटरीचं व्होल्टेज उभं आहे! ती वायर पत्र्याला जोडलेलीच नाही, निदान विजेच्या लेखी.

आणि मग सगळा गुंता एका धाग्यात येतो. परतीची वाट बंद झाली की करंट बल्बमधल्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा निघतो. दिवसा ब्रेक दाबला की २१ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधून टेल लाइटच्या वायरीत शिरतो आणि त्या वायरीवरचं जे जे आहे ते थोडंथोडं पेटवतो. त्यातच पुढचे पार्किंग आले आणि एसीच्या बटणांमागचा नारिंगी उजेडही आला. रात्री दिवे लावले की उलट: टेल लाइटचा करंट ब्रेकच्या वायरीत घुसतो. ब्रेकच्या वायरीचा एक फाटा तिसऱ्या लाइटला जातो, तो एलईडी, त्याला थोडका करंट पुरतो, त्याचं अर्थिंग वेगळं, म्हणून तो पेटतो. दुसरा फाटा कॉम्प्युटरला जातो. त्याला वाटतं, ब्रेक दाबला. आणि रात्री ब्रेक खरोखर दाबला तर दोन्ही फिलामेंटना दोन्हीकडून सारखाच दाब, करंट वाहायला जागाच नाही, म्हणून बाजू काळ्या. अंधार, क्रूझ आणि ब्रेक लाइट, तिघांची गाठ एका काळ्या वायरीशी.

मिस्त्री एक लांब वायर घेतात, दोन्ही टोकांना चिमटे. एक टोक होल्डरच्या काळ्या पिनेला, दुसरं बिजागरीच्या पत्र्याला. “दाबा.”

भिंत लाल होते. वर पट्टी, बाजूंना दोन भरगच्च गोल. पोऱ्या “लागले!” म्हणून ओरडतो. नारिंगी उजेड गेलेला. चिमटा काढला की परत सगळं बिघडतं, लावला की सुधारतं. एवढं झाल्यावरच ते पाना हातात घेतात. बदलायचं काय ते मोजून ठरवायचं, आणि ठरल्याशिवाय एकही भाग काढायचा नाही, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

पोऱ्या डिकीतली चटई, स्टेपनी, जॅक बाहेर काढतो आणि डाव्या बाजूचं कार्पेटचं अस्तर सोडवायला बसतो. प्लॅस्टिकच्या क्लिपा जुन्या झाल्या की ठिसूळ होतात, म्हणून त्याचं काम सावकाश चाललंय.

मी बाकावर बसते तेव्हा मला राल्फ टीटर आठवतात. क्रूझ कंट्रोल हे त्यांचं काम. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउनचे हे इंजिनिअर पाच वर्षांचे असताना अपघाताने दृष्टी गमावून बसले. पिस्टन रिंगा बनवणारी कंपनी त्यांनी पुढे चालवली. त्यांचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करायचा आणि ऐकू लागला की वाढवायचा, ते हेलकावे टीटरना सोसवेनात, आणि त्यातून वेग स्थिर ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना निघाली, असं सांगतात. पेटंट १९५० मध्ये मिळालं आणि क्रायस्लर कंपनीने १९५८ च्या मॉडेलांत ते बसवलं. तेव्हापासून आजवर क्रूझची पहिली अट तीच आहे: ब्रेकला पाय लागला की यंत्राने हात काढून घ्यायचा.

बाकावर शेजारी एक टॅक्सीवाले बसलेत. त्यांनी हा सगळा प्रकार पाहिलाय. ते विचारतात, “मामा, एवढं कशाला? क्रूझवाल्या वायरीला जम्पर मारून टाकायचा. ब्रेकचा पत्ताच लागू द्यायचा नाही त्याला.”

मिस्त्री मान वर करतात. आवाज चढत नाही, पण हातातला पाना खाली ठेवतात. “मारता येतो. पाच मिनिटांचं काम. मग समोर बैल आला, ब्रेक मारला, आणि इंजिन म्हणालं मी १०० वरच राहणार, तर?”

टॅक्सीवाले गप्प होतात. आजच्या बहुतेक गाड्यांत याहून जास्त बंदोबस्त असतो, पण म्हणून त्यातला एक आपल्या हाताने काढून टाकायचा, हे मलाही पटत नाही. ब्रेकचा स्विच ही किरकोळ वस्तू नाही. अमेरिकेत क्रूझ बंद करणाऱ्या ब्रेकच्या स्विचपायी फोर्ड कंपनीला १९९९ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने १ कोटी ४० लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या स्विचमध्ये ब्रेक ऑइल झिरपायचं, चावी बंद असतानाही त्यात करंट असायचा, आणि उभ्या गाडीला आग लागायची. एवढ्याशा स्विचमध्ये एवढा धोका मावतो.

टॅक्सीवाल्यांचा पुढचा प्रश्न एलईडीचा. मागच्या बल्बच्या जागी एलईडी टाकले तर? मिस्त्री म्हणतात, चांगले असतात, लवकर पेटतात. हे खरं आहे. फिलामेंट तापून लाल व्हायला सेकंदाचा पाचवा भाग जास्त जातो, १२० च्या वेगाला तेवढ्यात गाडी सहा-सात मीटर सरकते. “पण काही जुन्या गाड्यांत क्रूझ त्या बल्बच्या थंड फिलामेंटमधून अर्थिंग मिळतंय का ते बघतं,” मिस्त्री सांगतात. “एलईडी टाकला की ते मिळत नाही, क्रूझ धरतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, क्रूझ खराब झालं. दोन्ही बल्ब उडाले तरी तसंच.” टॅक्सीवाले आपल्या गाडीचं मॉडेल सांगतात. “तुमच्यात क्रूझच नाही, तुम्ही टाका बिनधास्त. फक्त गाडीच्या मापाचे, लालच, आणि चमकणारे नकोत.”

“उस्ताद, पाणी आहे,” पोऱ्या डिकीतून सांगतो.

आम्ही सगळे वाकतो. अस्तरामागे चाकाच्या कमानीवर ओल आहे. पत्र्यावर वरून खाली आलेली तपकिरी वाट सरळ टेल लॅम्पच्या भोकापाशी पोचते. त्या वाटेच्या टोकाला दहा नंबरचा एक बोल्ट, आणि त्याखाली काळ्या वायरींचा झुपका दाबणारं थिंबल. बोल्टचं डोकं गंजाने फुगलंय. थिंबलच्या कडेला हिरवट-पांढरी पूड. मिस्त्री बोटाने वायर हलवतात, ती सहज डुलते, बोल्ट मात्र जागचा हलत नाही.

टेल लॅम्पचं रबरी गॅस्केट ते उजेडाला धरतात. खालचा कोपरा दुमडून चपटा झालेला. “बंपरला कलर मारला होता का मागं?” मारला होता. “तेव्हा लॅम्प काढून बसवला, गॅस्केट बसवताना दुमडलं. तिथून पावसाचं पाणी. दोन पावसाळे झाले असतील.” 

गंजावर मारायचा स्प्रे, थोडा वेळ, मग पाना. बोल्ट कुरकुरतो आणि निघतो. थिंबल हातात आल्यावर वायरीचे निम्मे तंतू तुटून थिंबलमध्येच राहतात. उरलेले काळे पडलेत. मिस्त्री कातरीने बोटभर वायर मागे कापतात, साल काढतात. तिथेही काळं. आणखी थोडी कापतात. आता तांबं लखलखीत. “जोपर्यंत असं दिसत नाही तोपर्यंत मागं जात राहायचं. काळ्या तांब्यावर थिंबल बसवलं तर सहा महिन्यांत परत येणार तुम्ही.”

नवं थिंबल, पकडीने दाबलेलं, वर श्रिंक स्लीव्ह, लायटरने तापवून आवळलेली. पत्र्यावरची जागा पॉलिश पेपरने घासून रुपयाएवढी चकचकीत केलेली. नवा बोल्ट, नवा दातेरी वॉशर. आवळून झाल्यावर सांध्यावर ग्रीसचा हात, म्हणजे पाणी आलं तरी धातूला लागणार नाही. हे सगळं करताना ते एकदाही घाई करत नाहीत. गॅस्केट बाजूच्या दुकानातून पोऱ्या आणतो. ते बसवताना मिस्त्री त्याच्या चारही कडांवरून बोट फिरवतात, आणि मग पोऱ्यालाही फिरवायला लावतात.

परत मीटर. तीच दोन टोकं, त्याच दोन जागा. मी ब्रेक दाबते. ०.०४.

“०.२ च्या वर गेलं तर समजायचं कुठंतरी अडलंय,” मिस्त्री पोऱ्याला सांगतात. तो आकडा खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो. तिथे असे पुष्कळ आकडे आहेत.

कोड पुसून झाला, पण मिस्त्री गाडी सोडत नाहीत. “रस्त्यावर बघू. लाइट लावून.” बाहेर रिमझिम सुरू झालीय. मी गाडी काढते, ते शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन, पोऱ्या मागून मोटारसायकलवर. सावंगीच्या दिशेने रस्ता मोकळा होतो. दिवे लावलेले, वायपर चालू, वेग ६०. मी सेट दाबते. पाय उचलते. काटा ६० वर थांबतो. स्कॅनरवरच्या दोन्ही ओळी एकच सांगतायत: दाबलेला नाही.

“ब्रेकला नुसता पाय टेकवा.”

मी टेकवते. दोन्ही ओळी एकदम बदलतात. क्रूझ सोडतं, इंजिनचा आवाज बसतो. आरशात पोऱ्या एक हात वर करून तीन बोटं दाखवतो. तीनही दिवे. पुन्हा रिझ्यूम, पुन्हा ६०. मिस्त्री मला क्लचनेही सोडवून बघायला लावतात, खड्ड्यातून नेऊन बघायला लावतात, वळसा घेऊन परत येतानाही तेच. एकदाही चुकत नाही. त्यांनी घेतलेली मजुरी नव्या स्विचच्या किमतीपेक्षा कमी आहे, आणि काढलेलं गंजकं थिंबल ते कागदात गुंडाळून माझ्या हातात देतात. काम काय झालं ते गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, म्हणतात.

हे सविस्तर लिहिण्याचं कारण एकच आहे. रात्री लांब पल्ल्याला निघणारे आपण हवा तपासतो, डिझेल भरतो, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघतो. मागचे दिवे आपल्याला बसल्या जागेवरून दिसत नाहीत, आणि डॅशबोर्ड प्रत्येक गाडीत ते सांगतोच असं नाही. तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे उभं करा. आधी दिवे बंद ठेवून ब्रेक दाबा, मग दिवे लावून दाबा. दोन्ही वेळा तीनही लाल दिवे लख्ख पेटले पाहिजेत, आणि पाय काढल्यावर ब्रेकचे विझले पाहिजेत. ब्रेक दाबल्यावर एखादा दिवा मंद होत असेल, विझत असेल किंवा भलतीकडेच उजेड पडत असेल, तर बहुधा अर्थिंग गेलंय. क्रूझ आपोआप सोडत असेल तर स्विच बदलायच्या आधी मिस्त्रीला मागचं अर्थिंग मोजून दाखवायला सांगा, आणि जम्पर मारून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत घेऊन या.